निवेदनं पुष्कळ झाली, आता एलएक्यू टाका

प्रति,
बेळगाव जिल्ह्यातल्या अठरा विधानसभा मतदारसंघांचे आमदार आणि विधान परिषदेतले आमचे प्रतिनिधी यांस,

सप्रेम नमस्कार.

खानापुरात माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. या तालुक्यातून तुमच्या हातात पडणाऱ्या निवेदनांपैकी बरीचशी माझ्याकडेच टाईप होतात, कधी मराठीत, कधी कन्नडात, बहुतेक वेळा दोन्हींत. वर ‘मा. आमदारसाहेब’, मध्ये रस्ता, शाळा, बस नाहीतर शेतात शिरलेले हत्ती आणि गवे, आणि शेवटी ‘मागणी मान्य न झाल्यास तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील.’ ही शेवटची ओळ मी कॉम्प्युटरवर साठवूनच ठेवली आहे. गिऱ्हाईक बदलतं, ओळ तीच राहते.

निवेदनाचं पुढे काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. देताना फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. कागद पीएच्या बॅगेत जातो. फार नशीब असलं तर आवक वहीत नोंद होते, ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा पडतो आणि तो कागद एकेक पायरी खाली उतरत ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच साहेबाच्या टेबलावर येऊन बसतो. तिथून तो पुढे जात नाही. जायचं कारणही नसतं. निवेदनाला उत्तर दिलंच पाहिजे असं कुणावर बंधन नाही.

आता दुसरा कागद बघा. अधिवेशनाच्या तोंडावर सरकारी कचेऱ्यांत एकच शब्द ऐकू येतो, एलएक्यू. विधानसभेतला प्रश्न तो एलएक्यू, परिषदेतला एलसीक्यू. ‘एलएक्यू आलाय’ म्हटलं की कचेरीचा रंगच पालटतो. एरवी पाच वाजता कुलूप लावणारी माणसं साडेसातला बसलेली दिसतात. कुठला तरी कारकून पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात येतो, ‘अनुबंध प्रिंट काढून द्या, आजच वर पाठवायचंय.’ तो अनुबंध म्हणजे तक्ता. गावांची नावं, मंजूर पदं, भरलेली पदं, किती निधी आला, किती खर्च झाला. माहितीच्या अधिकारात अर्ज करून महिनेन्‌महिने जे मिळत नाही, ते चार दिवसांत रकान्यांत बसलेलं मी माझ्या प्रिंटरमधून बाहेर येताना पाहतो.

हे होतं, कारण तो कागद आमदाराने विधिमंडळाच्या सचिवालयात दिलेला असतो. तिथून तो खात्याच्या सचिवाकडे, आयुक्ताकडे, जिल्ह्याला, तालुक्याला असा उतरतो आणि त्याच वाटेने उत्तर वर चढतं. शेवटी त्याच्यावर मंत्र्याचं नाव येतं. ते उत्तर छापलं जातं आणि सभागृहाच्या दप्तरात राहतं. जाणूनबुजून खोटं दिलं तर हक्कभंग होऊ शकतो. संविधानाच्या १६४व्या कलमात मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असल्याचं लिहिलंय, ते वाक्य एरवी पुस्तकातच राहतं. प्रश्न विचारला की ते कामाला लागतं.

म्हणून मागणं एवढंच की आमच्याकडून निवेदनं घेणं थोडं कमी करा आणि आमच्यासाठी प्रश्न टाका. तुमच्यापैकी काही जण विचारत असाल, नाही म्हणत नाही. पण विचारलेलं आणि मिळालेलं उत्तर आमच्यापर्यंत येत नाही. येतात ते फोटो.

यात आपल्या जिल्ह्याला एक सोय आहे, ती बाकी कुणाला नाही. २००६ साली बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं पहिलं अधिवेशन भरलं, केएलई शिक्षणसंस्थेच्या आवारात. मग हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध उभं राहिलं, ११ ऑक्टोबर २०१२ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते उद्घाटन झालं. ती इमारत इथेच का बांधली हे सीमाभागातल्या मराठी माणसाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. हक्क दगडात कोरून ठेवायचा होता, ठेवला. बरं, बांधलीच आहे तर तिचा उपयोग करू या. हिवाळ्यात सारं सरकार उठून इथे येतं, मंत्री, सचिव, त्यांच्या फायली, त्यांचे ड्रायव्हर. आणि आपण काय करतो? सौधजवळच्या कोंडसकोप्पच्या माळावर तंबू पडतात. अतिथी शिक्षक, अंगणवाडी सेविका, ऊसकरी, आशा कार्यकर्त्या उन्हात बसतात. कुणी मंत्री येतो, निवेदन घेतो, दोन शब्द बोलतो, जातो. तंबूत दिलेला शब्द कुठेही लिहिला जात नाही. तोच शब्द थोड्या अंतरावर, प्रश्नोत्तराच्या तासात दिला तर तो ‘आश्वासन’ ठरतो आणि सरकारी आश्वासनांची समिती त्याचा पाठपुरावा करू शकते. मोर्चा काढू नका असं मी म्हणत नाही. बाहेर घोषणा चालू असताना आत त्याच विषयावर प्रश्न लागलेला असला पाहिजे, एवढंच.

पण प्रश्न कसा विचारायचा, यातच सगळी मेख आहे. उदाहरण घेतो मराठी शाळांचं, कारण ते सगळ्यांच्या जिव्हाळ्याचं आहे आणि त्याच्यावर सगळ्यात ढिसाळ प्रश्न विचारले जातात.

समजा तुम्ही विचारलंत, ‘खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांची दुरवस्था सरकारच्या गमनाला (म्हणजे लक्षात) आली आहे का?’ उत्तर येईल, ‘बंदिदे.’ आली आहे. पुढे, ‘आली असल्यास कोणती कारवाई केली?’ ‘टप्प्याटप्प्याने कारवाई करण्यात येत आहे.’ झालं. मंत्र्याने काही नाकारलं नाही, काही दिलंही नाही. तिकडे महाराष्ट्रात ‘हे खरे आहे काय?’ला ‘अंशतः खरे आहे’ हे जसं ठरलेलं उत्तर, तशातली गत. ‘दुरवस्था’ हे मत आहे आणि मताला मताने उत्तर देता येतं. शिवाय नियमही असा आहे की प्रश्नात टोमणा, अनुमान, युक्तिवाद नको. म्हणजे सभेत टाळ्या घेणारं वाक्य प्रश्नात टाकलं की ते गाळलं जाणार, नाहीतर पोकळ होऊन परत येणार.

त्याऐवजी असं विचारा:

(अ) बेळगाव आणि चिकोडी या दोन्ही शैक्षणिक जिल्ह्यांत मराठी माध्यमाच्या सरकारी कनिष्ठ व वरिष्ठ प्राथमिक शाळा किती, त्यांत शिक्षकांची मंजूर पदं किती आणि आजमितीस भरलेली किती? (तालुकावार, शाळावार तक्ता द्यावा.)

(आ) रिक्त पदांपैकी प्रत्येक पद कोणत्या तारखेपासून रिक्त आहे?

(इ) त्यांपैकी किती ठिकाणी अतिथी शिक्षक आहेत, आणि त्यांना शेवटचं मानधन कोणत्या महिन्याचं, कोणत्या तारखेला मिळालं?

(ई) ही पदं भरण्याचा प्रस्ताव कोणत्या तारखेला वित्त खात्याकडे गेला आणि तो आज कुणाकडे आहे?

‘दोन्ही शैक्षणिक जिल्हे’ हे शब्द मुद्दाम घातलेत. महसुली जिल्हा एक असला तरी शिक्षण खात्याच्या लेखी आपले जिल्हे दोन आहेत. नुसतं ‘बेळगाव जिल्हा’ लिहिलंत तर बेळगावचा तक्ता येईल आणि निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या शाळा त्यात नसतील. उत्तर खोटं असणार नाही, अर्धं असेल. अशी अर्धी उत्तरं काढणारे हात कचेरीत चांगले तयार झालेले असतात. शाळावार तक्ता का मागायचा? तर तो गावात येताच शाळेच्या देखरेख समितीचे, म्हणजे एसडीएमसीचे पालक आमच्या शाळेसमोर दोन पदं भरलेली दाखवली आहेत, त्यातला एक मास्तर डेप्युटेशनवर दुसरीकडे आहे, हे पाच मिनिटांत सांगतात. आणि तिथेच तुमचा पुरवणी प्रश्न तयार होतो.

पुरवणी प्रश्न हा खरा डाव. लेखी उत्तर खात्याने लिहिलेलं असतं, मंत्री वाचून दाखवतो. पुरवणीला मात्र त्याला स्वतः उभं राहून बोलावं लागतं, मागे अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठ्या येत असल्या तरी. पण पुरवणी मिळते ती तारांकित प्रश्नालाच, म्हणजे ज्याचं उत्तर सभागृहात तोंडी द्यायचं असतं त्याला. तारांकित प्रश्न थोडे, मागणारे खूप. लोकसभेचंच बघा, दिवसाला २० तारांकित, २३० अतारांकित, आणि त्या विसातले सगळे प्रत्यक्ष पुकारलेही जात नाहीत. तेव्हा नंबर लागला नाही म्हणून रुसू नका. अतारांकितलाही लेखी उत्तर मिळतं आणि तक्ता तोच असतो. उत्तरात गोम दिसली तर अर्धा तास चर्चा मागता येते, लक्षवेधी देता येते. आणखी एक, खात्यांचे वार ठरलेले असतात. दहाएक दिवसांच्या अधिवेशनात शिक्षणमंत्र्यांची पाळी एक-दोनदाच येणार. तो दिवस गेला की गेला.

आणि तो दिवस बहुतेक वेळा गोंधळात जातो, हे मी टीव्हीवर बघत आलोय. पहिल्या तासाला कुणीतरी फलक घेऊन अध्यक्षांपुढच्या मोकळ्या जागेत उतरतं, कामकाज तहकूब होतं, उत्तरं पटलावर ठेवली असं जाहीर होतं. उत्तर मिळतं, पुरवणी मरते. गोंधळ कुठलाही पक्ष घालो, त्यात वाचतो तो मंत्री. विरोधकांना हे कळत नाही असं मला वाटत नाही. गोंधळाची बातमी होते आणि तक्त्याची होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. २०२० सालच्या सप्टेंबरमध्ये करोनाचं कारण देऊन संसदेत प्रश्नोत्तराचा तासच वगळला तेव्हा देशभर ओरड झाली. आपल्याकडे तो तास असूनही आपण आपल्या हाताने घालवतो.

आता पळवाटांबद्दल. मंत्र्यांची आवडती तीन उत्तरं आहेत. पहिलं, ‘माहिती गोळा करण्यात येत आहे.’ दुसरं, ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.’ तिसरं, ‘हा विषय या खात्याचा नाही.’

पहिल्यावर उपाय सोपा. पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न, वर मागच्या उत्तराचा संदर्भ आणि तारीख. दुसरं उत्तर बेळगावजवळच्या हलगा-मच्छे बायपाससारख्या विषयात हमखास येणार. तिथली पिकाऊ जमीन गेली, शेतकरी कोर्टात गेले. खटल्याच्या गुणदोषांवर विचारू नका, ते नाकारलंच जाईल. पण किती खातेदारांची किती एकर जमीन संपादनात गेली, किती जणांना भरपाई पोचली, किती रक्कम वाटली, हे सरकारच्या वहीतले आकडे आहेत. ते सांगितल्याने कोर्टाचा निकाल हलत नाही.

तिसरं उत्तर जास्त छळतं. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचं घ्या. पावसाळ्यात तो फुगतो, शहापूर-वडगाव पट्ट्यातली भातं पाण्याखाली जातात, ज्या बासमतीचं नाव आपण अभिमानाने घेतो तीच. गाळ कुणी काढायचा? महापालिकेने, पाटबंधारे खात्याने की आणखी कुणी? प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. एकाच दिवशी नगरविकास, पाटबंधारे आणि महसूल अशा तीन मंत्र्यांना एकच प्रश्न टाका. ‘या नाल्याच्या देखभालीची जबाबदारी कोणत्या आदेशाने, कोणत्या तारखेपासून, कोणत्या खात्याकडे आहे?’ तिघांचीही उत्तरं ‘आमच्याकडे नाही’ अशी आली, तर तेवढंच छापून आणा. तो कागद मी फुकट झेरॉक्स काढून वाटीन.

काही विषय मुळात बेंगळूरच्या हातातले नसतात. राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे ही कामं केंद्राची, त्यासाठी खासदार. यात आम्हा खानापूरकरांची गंमत अशी की जिल्हा बेळगाव, पण लोकसभेला आम्ही उत्तर कन्नडमध्ये. कित्तूरचंही तेच. आमचे खासदार विश्वेश्वर हेगडे कागेरी २०१९ ते २०२३ कर्नाटक विधानसभेचे अध्यक्ष होते. म्हणजे कुठला प्रश्न स्वीकारायचा आणि कुठला नाकारायचा हे ज्यांनी ठरवलं तेच आता प्रश्न विचारायच्या बाकावर आहेत. त्यांना नियम शिकवायला नकोत. भाषिक अल्पसंख्याकांसाठी ३५०ब कलमाखाली विशेष अधिकारी आहे, त्याचे अहवाल संसदेपुढे ठेवायचे असतात. अल्पसंख्याकांची वस्ती १५ टक्के वा जास्त असेल तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत काढायच्या, हे राज्यांनी कधीचं मान्य केलेलं आहे. कर्नाटकाने त्यावर गेल्या पाच वर्षांत काय कळवलं, हे तिन्ही खासदारांनी विचारायला काही हरकत नाही.

सत्ताधारी बाकावरच्या आमदारांना वाटत असेल की प्रश्न हे विरोधकांचं काम, आपण साहेबांना खासगीत भेटून काम करून घेऊ. होतही असेल एखादं. पण १९५७ साली आयुर्विम्याच्या पैशातून उद्योगपती मुंदडाच्या कंपन्यांचे शेअर का घेतले हे लोकसभेत खणून काढलं ते फिरोज गांधींनी, आणि ते काँग्रेसचेच खासदार होते. पंतप्रधान त्यांचे सासरे. छगला आयोग बसला, त्याची सुनावणी उघड्यावर झाली आणि फेब्रुवारी १९५८मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावं लागलं. सासऱ्याच्या सरकारला प्रश्न विचारता येतो, तर पक्षाच्या सरकारला विचारायला काय झालं?

जे तुमच्यातले मंत्री होतात त्यांची अडचण वेगळी. मंत्री उत्तर देतो, प्रश्न विचारत नाही. म्हणजे ज्या मतदारसंघाला लाल दिवा मिळाला म्हणून गुलाल उधळला, त्याचा सभागृहातला प्रश्नकर्ता त्याच दिवशी गेला. त्या लोकांसाठी शेजारच्या आमदाराने विचारावं, नाहीतर परिषदेतल्यांनी. स्थानिक संस्थांतून आपल्या जिल्ह्याचे दोन आमदार परिषदेत जातात, पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांचे प्रतिनिधी आहेत ते वेगळेच. शिक्षकांच्या मतांवर निवडून आलेल्या माणसाने मराठी शाळांतल्या रिक्त पदांवर एलसीक्यू टाकावा, ही काही फार मोठी अपेक्षा नाही.

भाषेचं काय, असं आमचेच लोक विचारतील. २१०व्या कलमात सोय आहे. कन्नड, हिंदी, इंग्रजीत नीट बोलता येत नसेल तर अध्यक्षांच्या परवानगीने मातृभाषेत बोलता येतं. पण तुम्हा बहुतेकांना कन्नड उत्तम येतं, तेव्हा प्रश्न खुशाल कन्नडात विचारा. मराठीचा अभिमान प्रश्नाच्या भाषेत शोधणाऱ्यांशी माझं पटत नाही. मला तक्ता हवा. मात्र उत्तर मिळालं की त्याचं मराठी करून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. तेवढं तरी तुमचं ऑफिस करू शकतं.

महाराष्ट्र एकीकरण समितीतल्या जुन्या मंडळींना हे सगळंच रुचणार नाही. कर्नाटकाच्या सभागृहाकडे दाद मागायची म्हणजे त्यांचा हक्क मान्य केल्यासारखं होतं, असा त्यांचा मुद्दा. २०१८ला आणि २०२३ला समितीचा एकही आमदार निवडून आला नाही, तेव्हा हा मुद्दा आता कुणापुढे मांडायचा हाही एक प्रश्नच. महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला सीमाभागाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तो तिथे लढू देत. डिसेंबर २०२२मध्ये दोन्ही विधिमंडळांनी ठराव केले, त्याने खानापूरच्या एकाही शाळेला मास्तर मिळाला नाही. मुंबई-नागपूरचे आमदार आमच्याबद्दल कळवळ्याने बोलतात, त्यांचे आभार. पण बेंगळूरच्या खात्याचा आकडा त्यांच्या मंत्र्याला देता येत नाही. बॅरिस्टर नाथ पै १७ जानेवारी १९७१ला बेळगावात हुतात्मा दिनाच्या सभेत बोलले आणि दुसऱ्या दिवशी गेले. सीमाप्रश्न त्यांच्याइतका कुणाच्या काळजाला भिडला असेल? तरी १९५७पासून शेवटपर्यंत ते लोकसभेत बसले, नियमांचा कीस काढत, घटनादुरुस्तीचं खासगी विधेयक आणत. सभागृहात काम केल्याने त्यांचा सीमाप्रश्न पातळ झाला नाही.

उसाबद्दल थोडक्यात. १९६६चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो की ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. जिल्ह्यातल्या कारखान्यांपैकी कोणी किती दिवस उशीर केला आणि त्यावर व्याज म्हणून शेतकऱ्याच्या खात्यात किती रुपये जमा झाले, एवढं एकदा विचाराच. तुमच्यातल्या काहींचे स्वतःचेच कारखाने आहेत याची मला कल्पना आहे. त्यांनी नाही विचारलं तरी चालेल, बाकीच्यांनी विचारावं.

अधिवेशनाची तारीख निघाली की प्रश्न द्यायची मुदत सुरू होते आणि ती गावात कुणाला कळत नाही. तेव्हा यंदा मुदतीच्या आधी तालुक्याला एक बैठक लावा. एसडीएमसी, शेतकरी, महिला संघ यांना बोलवा आणि सांगा, भाषण नको, तारीख आणि गावाचं नाव घेऊन या. आणि त्या बैठकीची वाट न बघता पहिला प्रश्न म्हणून हा टाका, मी कन्नडातही टाईप करून ठेवलाय:

(अ) बेळगावात झालेल्या मागील तीन अधिवेशनांत बेळगाव जिल्ह्यासंबंधी मंत्र्यांनी दोन्ही सभागृहांत दिलेली आश्वासनं कोणती? (तारीख, मंत्र्यांचं नाव आणि खात्यासह.)

(आ) त्यांपैकी पूर्ण झालेली किती, प्रलंबित किती, आणि सोडून दिलेली किती?

(इ) प्रलंबित असल्यास प्रत्येकाची फाईल आज कोणत्या अधिकाऱ्याकडे, कोणत्या तारखेपासून आहे?

कळावे,

आपला,
एक मतदार, खानापूर